दुकान वाढवा

कृष्णेच्या काठी एक गाव होतं आणि त्या गावात वेबसाइटी जोडणारा एक कारागीर राहत होता. त्याचं नाव दिगंबर ओतारी. गाव त्याला दिगू म्हणायचं आणि तो स्वतःला डेव्हलपर म्हणायचा. दोन्ही चालून जायचं.

वेबसाइट ‘बनवतो’ असं तो कधी म्हणत नसे, ‘जोडतो’ म्हणे, आणि ते खरंच होतं. त्याच्या लॅपटॉपमध्ये ‘पेटी’ नावाचं एक फोल्डर होतं. त्यात सगळं तयार असायचं. गोल बटणं, चौकोनी बटणं, तारीख निवडायचं कॅलेंडर, बाजूनं सरकत येणारी यादी, दाबलं की उलगडणारी आणि पुन्हा दाबलं की मिटणारी चौकट, पान उघडेपर्यंत गरगरणारं चाक. जगाच्या पाठीवर कुणीतरी कुठंतरी बसून या वस्तू घडवतं आणि लागेल त्यानं घ्याव्यात म्हणून मोकळ्या ठेवतं. दिगू त्या उचलायचा, रंग बदलायचा, वर मराठीत नाव लिहायचा आणि जागच्या जागी बसवायचा. हात इतका बसला होता की दोन दिवसांत वेबसाइट उभी. गावातल्या मंगल कार्यालयापासून ट्रॅक्टरच्या शोरूमपर्यंत सगळ्यांचं कॅलेंडर एकच होतं, फक्त रंग वेगळा.

‘पेटी’ हे नाव त्यानं उगाच दिलं नव्हतं. त्याच्या वडिलांचा, अण्णांचा, खिळ्यांचा छापखाना होता. भिंतीला लागून लाकडी पेट्या, पेटीत बारीक बारीक खण आणि खणाखणात शिशाची अक्षरं, त्यांनाच खिळे म्हणायचे. काने एकीकडं, वेलांट्या दुसरीकडं. एका पेटीत लग्नपत्रिकांचं सामान तयार असायचं. गणपती, कलश, सनईवाला, आंब्याच्या पानांची किनार. अण्णांचाही सगळा खेळ तयार वस्तूंचाच होता. तरी त्यांची एकही पत्रिका दुसरीसारखी वाटायची नाही.

त्याचं कारण त्यांची रीत. गिऱ्हाईक आलं की अण्णा त्याला स्टुलावर बसवायचे आणि मजकूर मोठ्यानं वाचायला लावायचे. स्वतः डोळे मिटून ऐकायचे. मग खिळे जुळवायचे. प्रूफ निघालं की पुन्हा तेच स्टूल आणि पुन्हा वाचन. लोक वैतागायचे. एखादा म्हणायचा, “अण्णा, कागद दिलाय की हातात!”

अण्णा म्हणायचे, “कागदावरचं मला वाचता येतं. तुला काय म्हणायचंय ते ऐकू दे.”

एवढं करूनही एकदा घोटाळा झालाच. एका पत्रिकेत सुनंदाची सुगंधा झाली. मुलीच्या मामानं प्रूफ वाचून होकार दिला होता, त्यामुळं अण्णांना कुणी बोल लावला नसता. पण अण्णा शाईची बाटली घेऊन लग्नघरी गेले आणि दिवसभर बसून एकेक पत्रिका हातानं दुरुस्त केली. “खिळा मी लावला, चूक माझी,” एवढंच म्हणाले. दिगूच्या आईनं ही गोष्ट त्याला इतक्यांदा सांगितली होती की त्याला ती पाठ होती. पाठ असलेल्या गोष्टींचं माणूस काय करतो? विसरत नाही, पण वापरतही नाही.

पुढं अण्णा गेले आणि त्यांच्याच जागेवर दिगू लॅपटॉप घेऊन बसू लागला. यंत्र भंगारात गेलं आणि शिसं वितळून कुठल्या कुठं गेलं. शाईचा आणि रॉकेलचा तो वास मात्र भिंतींत बरीच वर्षं राहिला. उन्हाळ्यात भिंती तापल्या की अजून थोडा यायचा, आणि आला की दिगूचा हात कीबोर्डवर क्षणभर थांबायचा. अण्णांचं स्टूलही होतं. त्याच्यावर आता वायफायचा डबा ठेवलेला होता.

तर अशा या दिगूकडं एके दिवशी अनसूयामावशी आल्या. अनसूयाबाई कासार, कासार गल्लीत बांगड्यांचं दुकान. पंचक्रोशीतल्या नवऱ्या मुलींचा हिरवा चुडा भरायचा तो त्यांनीच. बेचाळीस वर्षं हे काम केलं आणि ठरल्या वेळेला मावशी दारात नाहीत असं एकदाही झालं नाही. गावात घड्याळं पुढंमागं व्हायची, मावशी व्हायच्या नाहीत. आता मात्र कानानं कमी ऐकू यायला लागलं होतं. फोनवर कोण कुठल्या गावचं बोलतंय तेच कळेना. म्हणून शहरातल्या लेकीनं सांगितलं, आई, वेबसाइट करून घे, लोक त्यावरच दिवस नोंदवतील.

दिगूच्या कानात हेडफोन होते. मावशींनी बसायला जागा शोधली. स्टुलावर डबा होता. दिगू एक कान मोकळा करून म्हणाला, “मावशी, काय काय पाहिजे ते सगळं बोलून व्हॉट्सॲपवर पाठवा. मी बघतो.” मावशी उभ्याउभ्याच आल्या तशा गेल्या.

घरी जाऊन त्यांनी फोनशी मनापासून गप्पा मारल्या आणि एवढाले सहा निरोप पाठवले. दिगूनं ते ऐकले नाहीत. बोलणं लिहून देणारी सोय फोनमध्ये होती, तिनं अक्षरं काढून दिली आणि त्यानं ती भरभर वाचली. नावं, गावं, दिवसाला चार घरं, त्याहून जास्त नको. शेवटी एक ओळ होती, “आन् बाळा, दुकान वाढवायला एक बटण दे.”

दिगूला हसू आलं. म्हातारीची उमेद बघा, त्याच्या मनात आलं, या वयात दुकान वाढवायला निघाली! पेटीत त्याच्याकडं नेमकी वस्तू होती. एक झकास बटण, दाबलं की टपोऱ्या फुलासारखं उमलायचं. त्यानं ते असं बसवलं की एकदा दाबलं की पुढच्या प्रत्येक दिवसात आणखी एका घराला जागा मिळावी. चाराची पाच, पाचाची सहा. वर मावशींचाच शब्द लिहिला, ‘दुकान वाढवा’.

मावशींनी फोनवर ते बटण बघितलं आणि त्यांना फार बरं वाटलं. आपण बोललो ते पोरानं जसंच्या तसं लिहिलं. मंजुरीच्या चौकोनात त्यांनी लगेच बरोबरची खूण केली.

झालं. रोज दिवेलागणीला मावशी उदबत्ती लावायच्या, हिशोबाच्या वहीला नमस्कार करायच्या, फळ्या लावायच्या आणि फोन काढून श्रद्धेनं ते बटण दाबायच्या. फूल उमलायचं. मावशी म्हणायच्या, किती गोड आहे.

एरवी दिवसाला दोन-तीन घरं असायची, त्यामुळं पंधरा दिवस कुणाच्या काही लक्षात आलं नाही. मग अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त आला. लग्नाच्या आदल्या दिवशी चुडा भरतात, आणि त्या एकाच दिवसावर अकरा घरांनी नावं नोंदवली.

यादी हातात पडली तशा मावशी सकाळीच दिगूकडं आल्या.

“दिगू, उद्याला अकरा घरं दिसत्यात रं. माझ्यानं चारच्या वर व्हत न्हाईत. बिनचुड्याची नवरी बोहल्यावर चढली तर मी तोंड कुठं लपवू? माझंच काय तरी चुकलं आसंल, बाळा. मला काय कळतंय त्यातलं.”

दिगूनं वेबसाइट उघडली. बटण पंधरा वेळा दाबलेलं होतं. त्याचा जीव भांड्यात पडला. आपल्या कामात खोट नव्हती, वापरणाऱ्याचीच चूक होती.

“मावशी, रोज रोज हे बटण कशाला दाबलंत?”

“दुकान वाढवायला.”

“अहो पण किती वाढवायचं ते?”

“आरं, दिवेलागण झाली की दुकान वाढवायचं न्हाई तर काय उघडं टाकून जायचं?”

दिगूनं कानातले हेडफोन हळूच काढून ठेवले. वीस वर्षांमागची एक संध्याकाळ त्याला लख्ख ऐकू आली. यंत्राची धडधड थांबलेली, अण्णा फडक्याला हात पुसतायत आणि दारातून हाक मारतायत, “दिगू, चल रे, प्रेस वाढवू.” रोज हीच हाक असायची. चालतं दुकान ‘बंद’ केलं असं जुनी माणसं तोंडानं म्हणायची नाहीत, ते अशुभ. दुकान वाढवायचं. नारळ फोडायचा नाही, वाढवायचा. आणि कासारणीच्या तोंडून तर बांगडी फुटली असं चुकूनही येत नाही, बांगडी वाढली. हा शब्द दिगूनं कुठल्या पुस्तकात शोधायला हवा होता असं नव्हतं. तो त्याच्या घरातला होता. सहा निरोपांतला शेवटचा एक जरी त्यानं कानानं ऐकला असता, तर मावशींच्या आवाजातली ती दिवेलागण त्याला कळली असती.

आता खरं बोलायची वेळ होती. पण मावशींनी चूक आधीच आपल्या अंगावर घेतली होती, आणि यादीतलं शेवटचं नाव दिगूनं वाचलं. भगवानराव शेवाळे, दूध डेअरीचे चेअरमन. त्यांच्या डेअरीची वेबसाइट दिगूला मिळायची होती. वर्षभर तो तिच्या मागं होता. पुढच्या आठवड्यात बैठक होती.

“बघू मावशी,” तो म्हणाला, “काढू काहीतरी मार्ग.” चूक कुणाची ते त्यानं सांगितलं नाही.

मार्ग मावशींनाच सुचला. त्यांच्या सासूच्या काळी कासारीण घरोघर जात नसे, नवऱ्या मुलीच मैत्रिणींना घेऊन कासाराच्या ओट्यावर चुडा भरायला यायच्या. दिगूनं एकेका घरी फोन लावले. “मावशींकडून जरा गडबड झालीय,” असं म्हणाला. म्हणताना जीभ अडखळली, पण म्हणाला. मावशींवरच्या लोभानं आठ घरं ओट्यावर यायला तयार झाली. दोन घरांना मावशी घरीच हव्या होत्या, पण संध्याकाळच्या आत कधीही चाललं असतं. भगवानराव मात्र फोनवरच कडाडले, “कासारीण आमच्या दारात यायची, आणि बाराच्या ठोक्याला यायची!”

दुसऱ्या दिवशी कासार गल्लीनं जे बघितलं ते तिथल्या म्हाताऱ्यांनीसुद्धा लहानपणीच बघितलं होतं. सकाळपासून ओट्यावर सतरंज्या, सतरंज्यांवर आठ नवऱ्या, त्यांच्या करवल्या, मावश्या, आत्या. कुणी गुळपाणी आणलं. एका आजीनं ठेवणीतली ओवी काढली आणि दुसरीनं ती पुढं नेली. वर बांगड्यांची किणकिण. गल्लीतली वयस्कर माणसं कामं सोडून दारात उभी राहिली आणि कुणाकुणाचे डोळे भरले. दिगू कोपऱ्यात उभा होता. त्यालाही भरून आलं, पण त्या आनंदात त्याचं मन पुरतं रमेना. कारण ओट्यावर आणखी एक आवाज होता.

“मावशी, आता वय झालं बघा तुमचं.”

“फोन वापरायचं सोडा मावशी, आपली वहीच बरी.”

बायका मायेनंच चेष्टा करत होत्या. मावशी हसत होत्या. पण प्रत्येक चेष्टेनंतर त्यांचा हात एका बांगडीपुरता हळू व्हायचा. बेचाळीस वर्षांचं नाव असं हसत हसत कमी होताना दिगूनं पाहिलं.

बसलेल्या मुलींना तसंच सोडून उठणं मावशींना जमलं नाही, आणि ओट्यावरची शेवटची नवरी उठली तेव्हा दोन वाजून गेले होते. दिगूनं मावशींना मोटारसायकलवर मागं बसवलं, बांगड्यांची पेटी मध्ये. वाटेवरच्या दोन घरच्या बायकांनी दारातच अडवलं, ती घरं करून ते शेवाळ्यांच्या दारात पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. मांडव घातलेला होता, पाहुणे जमलेले होते. नवरी, कल्याणी तिचं नाव, बारापासून पाटावर बसून होती. मनगटं रिकामी, डोळे रडून लाल.

भगवानराव सगळ्यांदेखत मावशींना बोलले. “लेकीच्या चुड्याला ही वेळ? झेपत नाही तर कामं घ्यावीत कशाला? आमच्या घरचं हे शेवटचं बोलावणं समजा.”

मावशींनी मान खाली घातली. “चुकलं माझं, भगवानराव. म्हातारपण हाय. एवढ्या बारीला पदरात घ्या.”

दिगू पेटी हातात धरून मागं उभा होता. बोलला असता तर डेअरीचं काम गेलं, हे त्याला स्वच्छ कळत होतं. न बोलला तर त्याला काहीच होणार नव्हतं, मावशींनी सगळं अंगावर घेतलं होतं. तेवढ्यात मांडवात त्याला तो वास आला. शाईचा आणि रॉकेलचा. मांडवात कुठली आलीय शाई! कुणी आचाऱ्यानं स्टोव्ह पेटवला असेल. पण दिगू पेटी खाली ठेवून पुढं झाला.

“साहेब, मावशींनी काही चुकवलेलं नाही. त्यांनी दुकान वाढवायचं बटण मागितलं होतं. मी त्यांचं बोलणं ऐकलंच नाही आणि उलट्या कामाचं बटण बसवलं. काल तुम्हाला फोनवर खोटं बोललो. बटण मी लावलं, चूक माझी.”

भगवानरावांच्या आई कोपऱ्यात बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, “वाढवायचं म्हणजे तुला रं काय वाटलं, पोरा?”

दिगूनं खालमानेनं सांगितलं. म्हातारी पदर तोंडाला लावून हसायला लागली, आणि तिच्यामागं सगळा मांडव हसला. रडवेली कल्याणीसुद्धा हसली. भगवानराव तेवढे हसले नाहीत. पण त्यांनी स्वतः पाट सरकवून मावशींना बसायला दिला.

मावशींनी कल्याणीचा हात हातात घेतला. एकेक हिरवी बांगडी मनगटावर चढली. शेवटची चढताना तडकली आणि काचेचा तुकडा पाटावर पडला. सगळ्या बायका मावशींकडं बघायला लागल्या.

“वाढली गं बाई,” मावशी म्हणाल्या.

“वाढली, वाढली,” साऱ्या बायका म्हणाल्या. मावशींनी तिच्या जागी नवी भरली, आणि कल्याणीनं भरल्या हातांनी वाकून त्यांना नमस्कार केला.

परतताना बांगड्यांची पेटी हलकी झाली होती. मावशी मागून म्हणाल्या, “तुझं अण्णा असंच व्हतं बघ.” दिगूच्या डोळ्यांत वाऱ्यानं पाणी आलं, असं त्यानं स्वतःला सांगितलं.

डेअरीचं काम दुसऱ्या कुणाला तरी मिळालं, ते मिळालंच. पण लग्नसराई संपायच्या आत दिगूनं वायफायचा डबा खिळा मारून भिंतीवर टांगला, स्टूल पुसलं आणि मावशींना बोलावून त्यावर बसवलं. लॅपटॉप पुढं ठेवला. “मावशी, एकेक मोठ्यानं वाचा.” आणि डोळे मिटून बसला.

मावशी वाचायला लागल्या. एका बटणाशी थांबल्या. “‘बाहेर पडा’. आरं, ह्ये कोण कुणाला हाकलतंय?” दिगूनं ते पुसलं. “घरातनं निघताना तुम्ही काय म्हणता, मावशी?” “येते म्हंते की.” मग त्या बटणावर ‘येते’ आलं. अशी सगळी पेटी दोघांनी वाचून काढली. तयार वस्तू होत्या तेवढ्याच राहिल्या, एकही नवी आणावी लागली नाही.

‘दुकान वाढवा’ हे बटण शेवटी आलं. त्यावरचा शब्द दिगूनं बदलला नाही, त्यामागचं काम तेवढं बदललं. आता ते दाबलं की उमलणारं फूल हळूच मिटायचं आणि पानावर ओळ यायची, ‘दुकान वाढवलं आहे, उद्या सकाळी या.’

तोवर दिवेलागण झाली होती. मावशींनी बटण दाबून बघितलं. फूल मिटलं. त्या स्टुलावरून उठल्या, पदर सारखा केला आणि दारात जाऊन सहज मागं वळून म्हणाल्या, “दिगू, चल रं, वाढवू आता.”

दिगूनं “आलो” म्हटलं. कितीतरी वर्षांनी म्हटलं. मग लॅपटॉप मिटला आणि अण्णांच्या जागेवरून उठला.

तात्पर्य: अवजारं तयार मिळतात, पण ज्याच्यासाठी काम करायचं त्याचा शब्द त्याला जवळ बसवून, त्याच्याच तोंडून ऐकून घ्यावा, आणि ऐकण्यात चूक झाली तर ती चारचौघांत आपली म्हणावी.